मेटकरीबाईंची लसूणबी

आमच्या कॉलेजात कुणाचा प्रिंटर चालेनासा झाला, की त्या माणसाला आधी स्टुलावर बसून ग्लासभर पाणी प्यावं लागतं. प्रिंटरकडे नंतर बघितलं जातं. हा नियम संस्थेच्या कुठल्या परिपत्रकात नाही. तो कॉम्प्युटर लॅबच्या मेटकरीबाईंचा आहे, आणि प्राचार्यांनाही लागू आहे. प्राचार्य त्या स्टुलावर बसून, कपाळाला आठ्या घालून, मुकाट्यानं पाणी पितायत हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पाणी संपलं की बाई विचारतात, "हं, सांगा. काय दिसतंय?"

इथं बहुतेकांची पंचाईत होते. येणारा माणूस 'प्रिंटर गेला', 'प्रिंटर मेला', नाहीतर 'या लिनक्सनं वाटोळं केलं' असं काहीतरी ठरवूनच आलेला असतो. बाईंना ते चालत नाही. "काय झालंय ते मी बघंन. तुमी काय दिसतंय तेवढं सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवा लागलाय का, हिरवा की तांबडा, लुकलुकतोय की नुसता जळतोय, पडद्यावर काय अक्षरं आलीत, हे सांगता आलं नाही तर माणूस परत पाठवला जातो. प्राचार्यांना त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की सर, जाऊन दिवा बघून या. आणि सर गेले होते.

मी त्याच कॉलेजात क्लार्क. शाळा-कॉलेजातल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, तसे सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात. आमचं ज्युनिअर कॉलेज नवी पेठेच्या मागच्या एका बोळात आहे. पुढं कापडाची दुकानं, मागं आम्ही. कार्यालय आणि लॅब यांच्यामध्ये एकच भिंत आणि तिलाही वर झरोका. त्यामुळे अकरा वर्षं बाईंचा आवाज माझ्या टेबलावर पडत आलेला आहे.

शालन मेटकरी. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. वय पन्नाशीला टेकलेलं, उंच, काटक, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला धाप लागावी. आमच्याकडे त्या लागल्या शिपाई म्हणून. लॅब झाडणं, फळा पुसणं, घंटा देणं. तेव्हा लॅबला एक तरुण सर होते. कॉम्प्युटर जुने, त्यावर विंडोज रडतखडत चालायचं आणि नवीन घ्यायला संस्था तयार नव्हती. सरांनी सगळ्या यंत्रांवर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही पळतं. पुढच्याच महिन्यात सरांना पुण्यात नोकरी लागली आणि ते निघून गेले. मागं राहिली वीस यंत्रं, आणि त्यातलं ओ की ठो न कळणारे आम्ही.

कळत होतं ते एकट्या बाईंना. त्या महिनाभर झाडता झाडता सरांच्या पाठीमागं थांबून बघत होत्या. बघितलेलं सगळं त्यांनी एका लांब वहीत उतरवून घेतलं होतं, मराठीत, कानाला जसं ऐकू आलं तसं. कॉम्प्युटरला बाहेरून काय काय जोडलंय याची यादी दाखवणारा एक हुकूम असतो, एल-एस-यू-एस-बी. तो वहीत 'लसूणबी' झाला. छपाईचं सगळं काम बघणारी एक आतली व्यवस्था असते, तिला कप्स म्हणतात. ती झाली 'कपबशी'. आणि एखादं मोठ्या अधिकाराचं काम करायचं तर हुकमाच्या आधी 'सुडो' लिहावं लागतं. ती झाली सुधा.

"सुधाला म्होरं घातल्याबिगर कपबशी उठायची न्हाय," असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. रसायनशास्त्राच्या नव्या मॅडम पहिला आठवडाभर समजत होत्या, की लॅबच्या मागं कॅन्टीन आहे आणि तिथं सुधा नावाची कुणी आळशी बाई आहे. एक दिवस त्यांनी मला विचारलंही, की दोन चहा सांगायचे तर सुधाला कुठून हाक मारायची.

पुढं बाईंनी मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं, संस्थेनं त्यांना लॅब असिस्टंट केलं. आता त्यांना खरी नावं माहीत आहेत. टाइप करताना त्यांची बोटं एक अक्षर चुकत नाहीत. पण तोंडानं म्हणायचं ते लसूणबीच. एकदा मी सुधारायला गेलो, तर म्हणाल्या, की ज्या नावानं ओळख झाली ते नाव कशाला बदलायचं.

यंत्रावर कुणी हात उगारलेला त्यांना खपत नाही. भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा कागद अडकला म्हणून प्रिंटरला थापड मारली. बाई त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात ओला फडका दिला आणि त्यांच्याकडून प्रिंटर पुसून घेतला. सरांनी पुसला. नाही म्हणायची सोय नसते. बाई रागावत नाहीत, नुसत्या वाट बघत उभ्या राहतात.

माझी परीक्षा झाली ती एका जूनमध्ये. अकलूजची एक मुलगी आणि तिचे वडील दाखला न्यायला आले होते. दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तो शेवटचा दिवस, आणि तासाभरात एसटी. मी दाखला तयार केला, छापायला दिला, तर पडद्यावर प्रिंटरच नाही. यादी रिकामी. कालपर्यंत तिथं असलेला प्रिंटर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला प्रिंटर, कॉम्प्युटरला दिसतच नव्हता. मी दिसेल ते बटण दाबलं. प्रिंटर दोनदा बंद करून चालू केला. मुलीचे वडील सारखे घड्याळाकडे बघत होते, त्यानं मला आणखी घाम फुटला. शेवटी लॅबमध्ये धावलो.

बाईंनी स्टूल पुढं केलं. मी म्हटलं, बाई, पाणी राहू द्या, त्यांची गाडी आहे. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मी पाणी प्यालो.

मग त्या आल्या. प्रिंटरचा दिवा बघितला. केबलची दोन्ही टोकं स्वतःच्या हातानं दाबून बघितली. मग काळ्या पडद्यावर लसूणबी टाकली. चार ओळींची यादी आली आणि तिसऱ्या ओळीत आमच्या प्रिंटरचं नाव.

"हाय की हितं," त्या म्हणाल्या. "म्हंजी तार बरी हाय, प्रिंटर बी बरा हाय. कॉम्प्युटरला दिसतोय, फकस्त कपबशीला ठावं न्हाय."

सुधाला पुढं घालून त्यांनी कपबशी उठवली. यादीत प्रिंटर आला, दाखला निघाला, बाप-लेक स्टँडकडे पळाले. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. मी अर्धा तास घालवला होता.

नंतर त्यांनी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर क्रम लिहून घेतला. आधी दिवा, मग तार, मग लसूणबी, मग कपबशी. म्हणाल्या, घाबरलेला माणूस पहिल्या पायऱ्या गाळतो आणि एकदम माडीवर उडी मारायला बघतो. तो पुठ्ठा मी टेबलाच्या काचेखाली ठेवला.

एवढं सगळं मला बाईंबद्दल माहीत होतं. त्यांच्या घराबद्दल विचाराल, तर काहीच नाही. कुमठा नाक्याकडे राहतात, घरी म्हातारी आई आहे, एक भाऊ चिंचोळीला एमआयडीसीत कामाला आहे आणि तिकडेच राहतो, बस्स. अकरा वर्षांत ना त्यांनी कधी घरी बोलावलं, ना मी कधी विचारलं. त्या रजा घेत नसत, त्यामुळे विचारायचा प्रसंगही आला नाही.

गेल्या हिवाळ्यात बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी पावणेनऊला मला त्यांचा फोन आला. अकराला बाहेरचे परीक्षक येणार होते. मला वाटलं, प्रश्नपत्रिकांचं काहीतरी असेल. पण आवाज वेगळाच होता. "भाऊसाहेब, माझा घरचा प्रिंटर सापडंना. तुमी येता का?"

मी चक्रावलो. म्हटलं, बाई, आज प्रॅक्टिकल आहे, घरचा प्रिंटर संध्याकाळी बघू. बाई म्हणाल्या, "त्यो चालल्याबिगर मला घराभाईर पडता येत न्हाय."

मी स्कूटर काढली.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार उघडलं ते बाईंनी, पण या बाईंना मी ओळखत नव्हतो. केस अर्धेच विंचरलेले, हातात फोन, डोळे लाल. घड्या नीट घालून नेसलेली मोरपंखी साडी तेवढी ओळखीची. आत खाटेच्या कडेला एक म्हातारी बसली होती. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि उन्हानं कायमची बारीक झालेली नजर. तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "कुनाकडचं म्हनायचं?"

"कॉलेजातलं हायत, आये," बाई म्हणाल्या.

"आणि तू?" म्हातारीनं त्यांना विचारलं.

बाईंनी मला आतल्या टेबलाकडे नेलं. टेबलावर जुना कॉम्प्युटर आणि त्याच्याशेजारी लोखंडी कपाटाला टेकून प्रिंटर. तिथं उभ्या उभ्या, आवाज खाली ठेवून, त्यांनी मला सांगितलं.

आई तीन वर्षांपासून विसरते. आधी गावं विसरली, मग माणसं. दिवसभर ती घरात एकटी असते. शेजारच्या अक्का दुपारी जेवायला वाढून जातात, त्यांच्या आवाजाला ती कडी काढते. पण बाहेरून कुलूप लावलं तर चालत नाही. सगळा जन्म माळावर उघड्यात काढलेली बाई, कुलूप लागलं की दार बडवत बसते. म्हणून कडी तिनंच आतून लावायची. आणि संध्याकाळी अक्का घरी नसताना लेक दारात आली, की ती खिडकीतून बघायची आणि म्हणायची, मी तुला ओळखत नाही, माझी लेक कामाला गेलीय, ती आली की ये. एकदा बाई जिन्यात तीन तास बसून होत्या. शेवटी भावानं चिंचोळीहून येऊन दाराची कडी तोडली, तेव्हा आई भिऊन खाटेखाली शिरली होती.

त्यानंतर त्यांनी हा उपाय काढला. रोज सकाळी कामाला निघायच्या आधी, त्या दिवशीची साडी नेसून झाली की फोनवर स्वतःचा फोटो काढायचा आणि घरीच छापायचा. कागद प्रिंटरमधून बाहेर येतो तो आईनं स्वतः ओढून घ्यायचा आणि स्वतःच्या हातानं खिडकीशेजारी चिकटवायचा. संध्याकाळी आई खिडकीतून बघते, कागदाकडे बघते. तीच साडी, तोच पदर. मग कडी काढते. तोंड तिला आठवत नाही, पण स्वतः चिकटवलेल्या कागदावर तिचा विश्वास आहे.

मी विचारलं, की मग रोज कशाला, एक फोटो आणि एकच साडी ठेवली तर?

"करून बघितलं की. कालचा कागद दावला की म्हनती, ह्यो कुणी लावला? कालचं तिच्यापाशी न्हायच, भाऊसाहेब. रोजचं रोज द्यावं लागतंय."

मी प्रिंटरकडे वळलो.

काय काय केलंत, असं विचारल्यावर बाईंनी भराभर सांगितलं. कपबशी पाच वेळा उठवली, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला, प्रिंटर चालवणारा नवीन प्रोग्रॅम उतरवून घेतला, फोटो पुन्हा पुन्हा छापायला दिला. पडद्यावर एकच ओळ येत होती, की प्रिंटर सापडत नाही. मी विचारलं, लसूणबीत नाव येतंय का? लसूणबी त्यांनी टाकलीच नव्हती.

मी टाकली. यादीत माउस होता, कीबोर्ड होता. प्रिंटर नव्हता.

तार बघितली का, म्हटलं. बघितली, म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरला लावलेलं टोक दाखवलं. ते घट्ट होतं. प्रिंटरचा दिवाही हिरवा जळत होता. प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून घातलेला झालरीचा रुमाल मागच्या बाजूनं पार खालपर्यंत लोंबत होता. मी तो उचलला. मागचं भोक रिकामं होतं. तिथलं टोक खाली गेलं होतं, आणि लोखंडी कपाटाच्या पायाला चांगली करकचून गाठ मारून बांधलेलं होतं.

आम्ही दोघंही खाली वाकून त्या गाठीकडे बघत राहिलो. मागून म्हातारीचा आवाज आला.

"सुटून लोंबत हुतं. बांधलं म्या. गेलं असतं कुटं तरी."

बाई मटकन फरशीवर बसल्या. मला वाटलं, रडणार. पण त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

गाठ मला सुटेना. नखं दुखली, पण ती जागची हलेना. बाईंनी ओढून बघितलं, मीच त्यांना थांबवलं, केबल तुटली असती. साडेनऊ होऊन गेले होते. मग बाई म्हणाल्या, "आये, सोड की गं एवढं."

म्हातारी खाटेवरून उठली. गुडघ्यावर हात देत खाली बसली, दोन बोटांत गाठीचा एक पदर धरला आणि अलगद मागं ओढला. गाठ गळून पडली. तिनं टोक माझ्या हातात दिलं आणि मला समजावून सांगितलं, की ही गाठ जनावरानं कितीही ओढली तरी सुटत नाही, माणसानं इकडनं ओढली की सुटते. तेवढं सांगताना तिच्या बोलण्यात कसलाही विसर नव्हता. माझ्यासारख्या शहरातल्या माणसाला अशी गाठ येत नसणार हे तिनं लगेच ओळखलं होतं, आणि शिकवायलाही ती तयार होती.

मी टोक प्रिंटरच्या मागं बसवलं. प्रिंटरनं आतून एक घरघर केली आणि लगेच कागद ओढायला सुरुवात केली. बाईंनी घाईघाईनं म्हातारीला पुढं केलं. कागद बाहेर आला तसा तिनं दोन्ही हातांनी धरला. मोरपंखी साडीतल्या शालन मेटकरी, दाराजवळ उभ्या, कॅमेऱ्याकडे जरा जास्तच सरळ बघणाऱ्या.

पण प्रिंटर थांबला नाही. त्याच्या मागोमाग दुसरा कागद आला. मग तिसरा. सकाळपासून बाईंनी जेवढ्या वेळा फोटो छापायला दिला होता, ती सगळी कामं आत रांगेत थांबलेली होती. तार लागताच ती एकामागून एक बाहेर पडायला लागली. बाई ती थांबवायला पुढं झाल्या, पण म्हातारी प्रत्येक कागद इतक्या मन लावून घेत होती, की त्यांनी हात मागं घेतला. सात कागद आले. मग प्रिंटर गप्प झाला.

म्हातारीनं त्यातला एक खिडकीशेजारी लावला. चिकटपट्टी तिनं दातांनी तोडली आणि चारी कोपरे अंगठ्यानं दाबून बसवले. उरलेले सहा कागद तिनं खाटेवर ओळीनं मांडले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. बाई केस बांधत होत्या, पर्स शोधत होत्या. निघायला हवं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "एवढ्या समद्या कुनाच्या लेकी?"

"तुझ्याच, आये."

म्हातारीनं पुन्हा एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "एकांदी तर येईल की सांजच्याला."

"येती की," बाई म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन जिन्याकडे निघालो, पण बाई दाराशीच थांबल्या होत्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा त्या हलल्या.